जैतूनबीचा अर्ज

जैतूनबी मला ‘बीएभाई’ म्हणत. दवाखान्यात बाकीचे मला क्लार्कसाहेब म्हणायचे, कमिटीचे चेअरमन नुसतंच ‘अहो’ म्हणायचे; पण मी बी.ए. आहे हे रोज तोंडाने म्हणणारं माणूस तेवढं एकच. मला ते आवडायचं. का आवडू नये? माळशिरसकडच्या आमच्या गावात माझ्या आधी कुणी चौथ्या बुकाच्या पुढे गेलं नव्हतं. वडील जन्मभर अंगठा उठवत आले. मी पुण्याला बोर्डिंगात राहून, इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो आणि सोलापुरात बायकांच्या एका धर्मादाय दवाखान्यात हेडक्लार्क म्हणून लागलो. टाइपरायटर माझ्या टेबलावर, शिक्का माझ्या कुलपात, आणि कमिटीकडे जाणारं इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर माझ्या हातचं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं ते याच्याशिवाय झालं नसतं.

ही इंग्रजांच्या राज्यातली, गिरण्या जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळचा दुसरा भोंगा झाला, की दवाखान्याच्या फाटकाशी पडद्याचा टांगा थांबायचा. त्यातून काळा बुरखा उतरायचा आणि फाटकाजवळच्या लहान खोलीत शिरायचा. दोन मिनिटांनी तिथून जैतूनबी बाहेर यायच्या. उंच, हाडापेराने रुंद, पांढराशुभ्र लांब हातांचा सदरा, पांढरा पायजमा, आणि केसांची एकही बट दिसणार नाही अशी घट्ट घेतलेली पांढरी ओढणी. दाढेत वेलदोडा. चेहरा उघडा, नजर सरळ. खाली बघत चालताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

नवरा गिरणीत होता. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच तो तापाने गेला. मूल नव्हतं. सासर-माहेर दोन्हीकडे म्हातारी माणसं, तीही लवकर आटोपली. मग या बाईने स्वतःच्या हिमतीने पुण्याला जाऊन सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं. मी लागलो तेव्हा त्यांची नोकरी दहा वर्षांची झालेली होती.

नवा असताना एकदा मी भीतभीतच विचारलं होतं, “जैतूनबी, बाहेर बुरखा आणि इथे तोंड उघडं, हे कसं?”

त्या हसल्या. “रस्त्यावर मला कुणाचं काम नाही, कुणाला माझं नाही. इथं आहे. तोंड आणि मनगटापासून पुढचे हात, एवढं कामापुरतं उघडं. बाकीचं माझं.”

“हे मौलवींनी सांगितलं?”

“किताबात आहे. मौलवींनी वाचून दाखवलं. मान्य मी केलं.” आणि जाता जाता म्हणाल्या, “बीएभाई, तुम्ही कोट घालता तो कुणी सांगितलं म्हणून?”

आता बाळंतपणाचं काम म्हणजे हात कोपरापर्यंत धुवायचे, औषधी साबणाने घासायचे. लांब बाह्या तिथे चालत नाहीत. यावर त्यांनी स्वतःची एक तोड काढली होती. खोलीत सगळ्या बायकाच असतील तर त्या सदऱ्याच्या बाह्या खुशाल कोपराच्या वर चढवत. बायकांत बायकांपासून हात झाकायचा नसतो. पण अवघड केसला बाहेरून पुरुष डॉक्टर बोलवावा लागे. तेवढ्यासाठी त्यांनी मांजरपाटाच्या सुट्या बाह्या शिवल्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्ही टोकांना नाडी. अशा बऱ्याच जोड्या. हत्यारं उकळायच्या पातेल्याशेजारी त्यांचं एक वेगळं पातेलं असायचं, त्यात त्या बाह्या रोज उकळायच्या, चिमट्याने काढायच्या, झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. एका बाळंतिणीला वापरलेली जोडी दुसरीच्या खाटेजवळ जायची नाही. डॉक्टर व्हरांड्यात दिसला की आमची आया गंगूबाई दारातून ओरडायची, “डाक्तर आलं गं बया, हात झाक!” डॉक्टर आपले हात धुऊन आत येईपर्यंत जैतूनबींच्या नाड्या बांधून झालेल्या असत. एका हाताची गंगूबाई बांधायची, तीही चिमट्याने धरून.

तेव्हाच्या आमच्या मुख्य डॉक्टर म्हणजे मोठ्या बाई. फार करड्या. त्यांनी पहिल्या वर्षी हा प्रकार पाहिला, पातेलं उघडून पाहिलं, डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, “उकळतेस ना रोज? मग पागोटं बांधलंस तरी माझं काही म्हणणं नाही.” विषय तिथे मिटला तो मिटलाच.

जैतूनबींना चार भाषा येत. घरची दख्खनी, आमची मराठी, साळ्यांच्या बायकांसाठी तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांसाठी कानडी. चारही भाषांत त्या कळ द्यायला सांगत आणि चारही भाषांत शिव्या देत. शिव्या बाळंतिणीला नसत, तिच्या सासूला असत. पोर जन्मलं की पहिलं बोलणं ठरलेलं. उलटं धरलेल्या त्या जिवाला म्हणायच्या, “आलात? या, बसा.” मुलगी असली आणि बाहेर सासूचं तोंड वाकडं झालं, की मुद्दाम दारात येऊन मोठ्याने, “बाईसाहेब आल्यात हो! खुर्ची आणा!”

एका वकिलांची आई सुनेला घेऊन आली होती. सोवळ्यातली म्हातारी. जैतूनबींना बघून तिने पदर आखडून घेतला. म्हणाली, “हिचा हात लागणार सुनेला? मग मला आंघोळ करावी लागेल.”

जैतूनबी म्हणाल्या, “करा की आजी. मी पण घरी जाऊन आंघोळच करते. दोघी स्वच्छ.”

म्हातारी खुदकन हसली. तिसऱ्या दिवशी ती बाळाची टाळू भरायला जैतूनबींनाच हाक मारत होती.

त्यांच्या स्वतःच्या लोकांनी त्यांना सुखाने राहू दिलं असंही नाही. एकदा मोहल्ल्यातले दोन वयस्क गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. आमच्या जमातीची बाई परक्या पुरुषांत काम करते, हे बंद झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात जैतूनबी कसलासा कागद घ्यायला आल्या. त्यांनी सगळं ऐकलं. ओढणी सारखी केली आणि त्यातल्या थोरल्याला म्हणाल्या, “चाचा, तिसऱ्या खाटेवर तुमची सून आहे. रात्रभर मी तिच्याजवळ होते. मी घरी बसते, काही हरकत नाही. उद्यापासून तुमच्या सुनांना बघायला कोण येणार तेवढं सांगून जा.”

चाचा काठी टेकत उठले. “बेटी, मैं ऐसा नहीं बोला,” असं काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले.

मला हसू आवरेना. म्हणालो, “जैतूनबी, जिंकलात.”

“काय जिंकले? ते म्हणतात, झाकून घरी बस. उद्या दुसरा कोणी म्हणेल, उघडून कामाला ये. मला झाकून काम करायचंय. इतकं सोपं आहे, तरी लोकांच्या डोक्यात जात नाही.”

एक शब्द त्यांना खपत नसे: बिचारी. विधवा आहे, एकटी आहे म्हणून कुणी सहज ‘बिचारी’ म्हटलं, की वेलदोडा या गालातून त्या गालात जायचा आणि त्या दिवशी त्या माणसाची धडगत नसे. “मला बिचारी म्हणायला मी काय तुमच्या दारात उभी आहे?” असं त्यांनी दवाखान्याला देणगी देणाऱ्या एका सावकाराच्या बायकोला तोंडावर विचारलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. मी पाहिलेलं होतं, कानांनी ऐकलेलं होतं. तरीही.

त्यांची नोकरी सोळा वर्षांची झाली त्या साली मोठ्या बाई निवृत्त झाल्या. दुसरी डॉक्टरीण मिळेना, म्हणून कमिटीने तरुण पुरुष डॉक्टर नेमला. माणूस वाईट नव्हता. मुंबईचं शिक्षण, हात हलका, गरिबांशी बोलणं गोड. जंतूंच्या बाबतीत मात्र अतिशय कडक. आल्याबरोबर त्यांनी नर्सांसाठी नवा पोशाख ठरवला. दंडावर संपणाऱ्या बाह्या, कोपरापासून हात उघडे, डोक्यावर टोपी, ओढणी-पदर बंद. दुसऱ्या दोघी नर्सांनी कुरकुर करत घातला. जैतूनबींनी नम्रपणे नाही म्हटलं. डॉक्टर आता रोज आतच असणार, म्हणजे त्यांच्यासमोर रोजच हात आणि डोकं उघडं. त्यांनी पातेलं दाखवलं, डबा दाखवला. डॉक्टर म्हणाले, “तुमच्यावर माझा भरवसा आहे हो, पण एकीला सूट दिली की नियम राहत नाही.” कमिटीने एक महिन्याची मुदत दिली. काही म्हणायचं असेल तर लेखी अर्ज करावा.

दुपारी बाह्यरुग्णांची गर्दी सरल्यावर जैतूनबी माझ्या टेबलाजवळ आल्या. स्टूल ओढून बसल्या. इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसल्या त्या पहिल्यांदा.

“बीएभाई, तुमच्या इंग्रजीत लिहा. मी सांगते तसं.”

मी कागद घेतला. त्यांनी रात्रभर मनात जुळवून आणलेलं होतं, कारण कुठे अडखळल्या नाहीत.

“लिहा. मी हात आणि डोकं झाकते ते माझ्या मनाने. माझ्यावर बाप नाही, नवरा नाही, भाऊ नाही. मला कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाची भीती आहे म्हणून नाही. हे माझं आणि माझ्या खुदाचं आहे. सोळा वर्षं उकळलेल्या बाह्या घालून काम केलं. सगळी रजिस्टरं काढा. माझ्या हातून एका तरी बाईला बाळंतपणाचा ताप लागला असेल, तर मला ठेवू नका, मीच जाते. लागला नसेल, तर मला माझ्या पद्धतीने काम करू द्या. बस्स. खाली सलाम लिहा.”

मी मराठीत टिपून घेतलं. त्या गेल्यावर टाइपरायटरमध्ये कागद चढवला आणि विचार करू लागलो. आमच्या कमिटीतली माणसं सुधारक. सभेत बायकांच्या उद्धारावर बोलणारी. माझ्या मनात आलं, ‘माझ्या मनाने’ असं लिहिलं तर यांना बाई हट्टी वाटेल. हट्टी बाईला कोण सूट देतो? पण जाचात सापडलेली बाई असली, तर यांचं मन द्रवेल. कॉलेजात माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे. कोणत्या वाक्याने साहेबाच्या डोळ्यांत पाणी येतं, ते मला चांगलं ठाऊक, अशी माझी घमेंड.

मी लिहिलं: अर्जदार ही एक गरीब, बिचारी, निराधार विधवा असून, अडाणी नातेवाइकांच्या आणि जातभाईंच्या धाकापोटी तिला अंग झाकणे भाग पडते, तरी तिच्या असहाय स्थितीकडे पाहून दयाळू कमिटीने सवलत द्यावी. दीड पान. सुंदर इंग्रजी. तसं इंग्रजी मी नंतर कधी लिहिलं नाही.

रजिस्टरांचं वाक्य मी गाळलं. मला ते उर्मट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या सहीला आल्या. “वाचून दाखवा.” मी टाइप केलेला कागद समोर धरला आणि आदल्या दिवशीचं त्यांचंच बोलणं, जसंच्या तसं, मराठीत म्हणून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मधे एकदा मान हलवली. मग उजवीकडून डावीकडे, सावकाश, उर्दूत सही केली.

“छान लिहिलंत,” त्या म्हणाल्या.

आठवड्याने कमिटीचा निकाल आला. मीच फोडला. त्यात लिहिलं होतं, की अर्जदाराची स्थिती वाचून कमिटीला अत्यंत दुःख झाले. अशा अडाणी जुलमापुढे मान तुकवणे हे संस्थेच्या ध्येयाविरुद्ध होईल. सबब अर्जदारास या जाचातून मोकळे करण्यासाठीच नियम तिच्याबाबत विशेष कसोशीने पाळण्यात यावा. नातेवाइकांचा त्रास झाल्यास दवाखान्याच्या आवारात राहायला खोली देण्यात येईल.

मी ते तीनदा वाचलं. माझ्याच वाक्यांवरून ते पायरी पायरीने तिथे पोचले होते. त्यांची काही चूक मला काढता येईना.

जैतूनबी आल्या. “काय म्हणतात?”

“नामंजूर.”

“सगळं वाचलं त्यांनी?”

“हो.”

“मी माझ्या मनाने झाकते म्हणाले, ते पण?”

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या वेळी अजून वेळ होता. दुसरा अर्ज करता आला असता, मी चेअरमनच्या घरी जाऊन माझी चूक कबूल करू शकलो असतो. मी म्हणालो, “हो, तेही वाचलं.”

त्यांनी ओढणी सारखी केली. मग म्हणाल्या, “ठीक आहे. पूर्ण ऐकून घेऊन जो नाही म्हणतो, त्याच्याशी भांडण नाही.” आणि वर मलाच, “तुम्ही मेहनत घेतलीत, बीएभाई. अल्ला तुमचं भलं करो.”

महिना भरला त्या दिवशी त्यांनी आपलं पातेलं घासून पालथं घातलं, बाह्यांची पुडकी बांधली, आणि पडद्याच्या टांग्यात बसून गेल्या. गंगूबाई फाटकापर्यंत रडत गेली. आत येऊन मला म्हणाली, “क्लार्कसायब, तुमी येवडं शिकल्यालं, तुमाला एक कागूद धड लिवता आला न्हाय व्हय?” तिला काही माहीत नव्हतं. सहज म्हणाली.

मोहल्ल्यातल्या बायका त्यानंतर आमच्याकडे येईनाशा झाल्या. नुसत्या मुसलमानच नव्हे, साळ्यांच्याही. जैतूनबी आता घरोघर जाऊन बाळंतपणं करत. साधी असतील ती निभत. अवघड झाली तर काय होई, ते आमच्यापर्यंत पोचत नसे. दवाखान्यात न आलेल्या बायकांची नोंद कुठल्या रजिस्टरात करतात?

पाच-सहा महिन्यांनी, भर चैत्रातल्या दुपारी, फाटकाशी टांगा येऊन थांबला. पडद्यातून जैतूनबी उतरल्या, बुरख्यातच, आणि मागोमाग एका कोवळ्या पोरीला त्यांनी जवळजवळ उचलूनच खाली घेतलं. हसीना तिचं नाव. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. पोरीची सासू सोबत. पोरीने जैतूनबींचा बुरखा मुठीत असा धरला होता की बोटं पांढरी पडलेली.

डॉक्टर धावत आले. एका नजरेत त्यांनी ओळखलं. “हत्यार लावावं लागेल. आणा आत.” पोरगी जैतूनबींना सोडेना. किंचाळायला लागली. डॉक्टर अडखळले. एक नर्स आजारी, दुसरी नवखी, कुणीतरी जाणतं माणूस त्यांनाही हवंच होतं. पण दारात उभे राहून म्हणाले, “जैतूनबी, आत यायचं तर नियमाप्रमाणे यावं लागेल. माझा इलाज नाही.”

मला वाटलं, आता वाद होणार. जैतूनबींनी पापणीसुद्धा हलवली नाही. “गंगू, पोशाख आण. पळ.”

दोन मिनिटांत फाटकाजवळच्या खोलीचं दार उघडलं. आखूड बाह्यांचा तो पोशाख त्यांना दंडात घट्ट होत होता. डोक्यावर टोपी, तिच्याखालून पांढरे झालेले केस मानेवर आलेले. जैतूनबी म्हाताऱ्या होत चालल्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. त्या व्हरांड्यातून माझ्यासमोरून पळत गेल्या. मी मान खाली घातली.

दीड तास लागला. मग आतून पोराचं रडणं आलं, आणि दमलेल्या आवाजात, “आलात? या, बसा.” गंगूबाईने बाहेर येऊन सासूला सांगितलं, “दोगंबी हाईत. दोगंबी.” सासू तिथेच जमिनीवर बसली.

जैतूनबी बाहेर आल्या तेव्हा गंगूबाईने ओढणी तयार ठेवली होती. त्यांनी ती डोक्यावरून घेऊन हाताभोवती गुंडाळली. घामाने निथळत होत्या. मागून डॉक्टर आले, आनंदाने चेहरा फुललेला. खरंच फुललेला, त्या पोरीचा जीव वाचल्याचा तो आनंद होता.

“जैतूनबी, कमाल केलीत! आणि बघा, पोशाखाने काही अडलं? मी स्वतः कमिटीला सांगतो, उद्यापासून या. आणि तुमच्या त्या नातेवाइकांना घाबरू नका. खोली देऊ, पोलीस उभा करू.”

“कोणचे नातेवाईक?”

“अहो, तुमच्यावर जबरदस्ती करतात ते. अर्जात तुम्हीच लिहिलं होतंत ना? गरीब बिचारी विधवा, धाकापोटी अंग झाकावं लागतं... मला तर वाचून फार वाईट वाटलं होतं.”

जैतूनबींनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या टेबलामागे उभा होतो. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळलं असावं.

डॉक्टरांना त्या आधी बोलल्या. आवाज शांत होता. “डॉक्टरसाहेब, घराला आग लागली तर बाई पदर टाकून धावते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून तिने पदराशिवाय हिंडायचं का?”

“पण आज तर तुम्ही...”

“आज जान होती समोर. जान वाचवायला सगळं माफ आहे, किताबातच आहे. नोकरी वाचवायला माफ नाही. तेवढा फरक आहे. आणि झाकते ती माझ्या मनाने, हे मी लिहून दिलं होतं.” मग माझ्या टेबलाजवळ आल्या. नेहमी जिथे उभ्या राहत तिथेच.

“बीएभाई. कायकू?”

“तुमचं भलं व्हावं म्हणून,” मी म्हणालो. दुसरं खरंच काही नव्हतं माझ्याजवळ.

“भलं काय ते मी सांगितलं होतं की. तुम्हाला फक्त लिहायचं होतं.”

त्या पुढे बोलल्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. “मला वाटायचं, त्यांनी माझं ऐकलं आणि नाही म्हटलं. मी रोज स्वतःला समजावायची. म्हणजे कुणी ऐकलंच नव्हतं.”

फाटकाजवळच्या खोलीत जाऊन त्या बुरखा घालून आल्या आणि हसीनाजवळ जाऊन बसल्या. तीन दिवस रोज येऊन बसत, पाहुणी म्हणून. माझ्या टेबलासमोरून जाताना थांबत नसत.

मी मग त्यांचे मूळ शब्द इंग्रजीत उतरवले, माझी चूक लिहिली, खाली माझी सही केली आणि ते कमिटीपुढे ठेवलं. चेअरमनसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “अहो, आता हे कशाला?” कागद फाइलीत गेला. मला कुणी रागावलंसुद्धा नाही. माझी नोकरी पुढे चांगली चालली, बढतीही झाली.

एवढं तरी त्यांना सांगावं म्हणून एका सकाळी मी त्यांच्या मोहल्ल्यात गेलो. दाराला जाड पडदा होता. मी कडी वाजवली.

“कौन?”

“मी. बीएभाई.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग पडद्यामागून त्यांचा आवाज आला, कोणत्याही परक्या माणसाला देतात तसा, अदबशीर आणि लांबचा: “घरात पुरुष माणूस नाही. काय काम आहे ते तिथूनच सांगावं.”

सोळातली सहा वर्षं ती बाई माझ्यासमोर तोंड उघडं ठेवून उभी राहिली होती. मी कामाचा माणूस होतो. कामापुरतं उघडं, बाकीचं माझं, असा त्यांचा हिशेब. आणि मी त्या कामात आता नव्हतो. मी पडद्याकडे बघत कमिटीला काय लिहिलं ते सांगितलं. पाठ केल्यासारखं सगळं त्यांचं बोलणं म्हटलं. शेवटचा सलामसुद्धा.

“आता बरोबर म्हणालात,” आतून उत्तर आलं. “ऊन फार आहे. सावकाश जा.”

पुढे जैतूनबी वारल्या, ते मला गंगूबाईने सांगितलं, तेही दहा-बारा दिवस उलटल्यावर. साधा ताप आला होता. दवाखान्यात चला म्हणून शेजारणी मागे लागल्या, पण त्या आल्या नाहीत. “लई मानूस गोळा झालं हुतं,” गंगूबाई म्हणाली. “साळी काय, कोष्टी काय, समदी. तुमी न्हाय दिसला.”

त्यांना मी शेवटचं कधी पाहिलं, हे मला नीट सांगता येत नाही. त्याच्या आदल्या थंडीत असावं. बाजारामागच्या एका अरुंद बोळातून मी निघालो होतो आणि समोरून तीन बुरखे आले. बोळ इतका अरुंद की मी भिंतीला पाठ लावून वाट दिली. तिघी एकीमागे एक गेल्या. मधली उंच होती. ती माझ्यासमोर आल्यावर पाऊल जरा मंदावलं, ते मला ओळखून की तिथला दगड उंचसखल होता म्हणून, देव जाणे. ‘जैतूनबी’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण नसल्या तर परक्या बाईला हाक मारल्यासारखं झालं असतं, आणि असल्या तर हाक मारणारा मी कोण होतो?

बोळाच्या तोंडाशी जाऊन तिघी उन्हात वळल्या. मला काही त्यांना पाहता आलं नाही. त्या असतील, तर त्यांनी मला पुरतं पाहिलं असणार.